सही झाल्यातच जमा

खातं जाहीर झालं त्या दुपारी साहेबांच्या कोल्हापुरातल्या संपर्क कार्यालयाच्या काचा फुटल्या, आणि त्या त्यांच्याच कार्यकर्त्यांनी फोडल्या. पाटबंधारे मिळणार, निदान सहकार तरी, असं सगळे धरून बसले होते. हलगीवाले बोलावलेले, गुलालाची पोती दारात. टीव्हीवर साहेबांच्या नावापुढे ‘मत्स्यव्यवसाय आणि बंदरे’ अशी पट्टी सरकली आणि एकानं हातातला तांब्या सरळ पडद्यावर भिरकावला. मग खुर्च्या उडाल्या, मग खिडक्या. एका हलगीवाल्याचं बोट मोडलं आणि तो काहीच न वाजवता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या काचा झाडलेल्या बाईनं हे मला पुढं सांगितलं. मी तेव्हा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात लघुलेखिका होते. बावीस वर्षं नोकरी झाली होती आणि त्या बावीस वर्षांत आमच्या जिन्यावर मंत्री म्हणून कोणी चढला नव्हता. आता मंत्रीच गावचा निघाला. त्याला खात्याची भाषा कळणारं कोणी तरी हवं म्हणून माझी उसनवार तत्त्वावर त्या कार्यालयात नेमणूक झाली. मंगळवार पेठेतल्या माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. घरी आनंद झाला.

साहेब साठीचे, आडव्या बांध्याचे, गळ्यात तुळशीची माळ. पहिल्या दिवशी मला समोर बसवून म्हणाले, “बाई, मी माळकरी माणूस. जन्मात बोंबलाचा वास घेतला न्हाय. आता मासा कुठल्या अंगानं पोहतो हितनं सुरुवात करा. लाजू नका, मला काय बी येत न्हाय.”

मी सुरुवात केली. कटला आणि रोहू यांतला फरक, बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू, पावसाळ्यात समुद्रात बंदी का असते, जाळ्याची आस, म्हणजे भोकं, बारीक असली की काय होतं. माणूस शिकायला चांगला होता. महिन्याभरात तो अधिकाऱ्यांना अडवून प्रश्न विचारायला लागला.

पण त्या खात्यात रोज मारामारी येते हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण ते मलाही माहीत नव्हतं. आमच्या जिल्हा कार्यालयात तळी, माशांचं बियाणं आणि अनुदानाचे अर्ज यायचे. मंत्र्याच्या दारात मात्र घाटाखालून समुद्र चढून येऊ लागला. एकदा मोठ्या ट्रॉलरचे मालक आणि छोट्या होड्यांचे मच्छीमार एकाच वेळी आत आले. बोलता बोलता एका म्हाताऱ्या मच्छीमारानं टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला आणि ट्रॉलरवाल्याच्या कानशिलावर हाणला. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा साहेबांनी टेबलावरून झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. माझ्या शॉर्टहँडच्या वहीवर रक्ताचे चार थेंब पडले. त्याच पानावर पुढं मी त्या बैठकीचं इतिवृत्त लिहिलं.

पुढं साहेब स्वतः गस्तीच्या बोटीवर गेले. पकडलेल्या ट्रॉलरवरच्या खलाशांनी जाळ्याला लावायची शिशाची वजनं फेकून मारली. साहेब हात गळ्यात बांधून कोल्हापूरला परतले, पण खुशीत होते. म्हणाले, “समुद्र म्हंजे लई मोठ्ठं भांडण हाय, बाई. बांधाला बांध न्हाय, मोजणी न्हाय, आणि समद्यांचं शेत एकच.”

त्याच आठवड्यात, बोट बुडून मेलेल्या एका खलाशाच्या बायकोचा दोन वर्षं अडकलेला भरपाईचा कागद त्यांनी उभ्या उभ्या सही करून दिला. हे मुद्दाम सांगते. पुढं जे झालं त्यावरून हा माणूस वाईटच होता असं कोणी धरू नये.

पुढचं झालं ते समुद्रावरून नाही. आमच्याच जिल्ह्यात, पश्चिमेला, डोंगराच्या पोटात एक धरण आहे. त्याच्या जलाशयात मासे धरायचा ठेका तीस वर्षं एका मच्छीमार संस्थेकडं होता. संस्थेतली निम्मी माणसं धरणात गाव गेलेली, निम्मी कुरुंदवाडकडून, कृष्णाकाठानं वर सरकलेली भोई मंडळी. संस्थेची अध्यक्ष एक बाई होती, साठीच्या पुढची, काळी, उंच, पायात प्लास्टिकचे बूट. नवरा मेल्यावर तिनंच ती संस्था चालवली होती. मी तिला अध्यक्षबाईच म्हणते.

लेखापरीक्षणाचा अहवाल वेळेत दिला नाही म्हणून अधिकाऱ्यांनी संस्थेचा ठेका रद्द केला आणि तो दुसऱ्या माणसाला दिला. तो दुसरा माणूस साहेबांचा सगळ्यांत जवळचा कार्यकर्ता होता. साहेबांच्या तीन निवडणुका त्यानं अंगावर घेतल्या होत्या. टीव्हीवर तांब्या फेकणारा तोच. आता तो ठेकेदार झाला.

अशा निर्णयाविरुद्ध मंत्र्याकडं दाद मागता येते. मंत्री सुनावणी घेतो, आणि सुनावणीपर्यंत आहे ते तसंच राहावं म्हणून स्थगिती देऊ शकतो. अध्यक्षबाईंनी तसा अर्ज केला. साहेबांनी वाचला आणि मला म्हणाले, “टाइप करा स्थगिती. म्हातारीचं बरोबर हाय. एका कागदापायी तीस वर्षं पुसायची व्हय?”

आदेश दोन परिच्छेदांचा होता. मी दहा मिनिटांत टाइप करून समोर ठेवला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात दार न वाजवता ठेकेदार आत आला. त्यानं कागदाकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. समोरची खुर्ची ओढून बसला फक्त.

साहेबांनी टोपण परत लावलं. “पुढच्या मंगळवारी बघू,” म्हणाले.

मंगळवार हा त्यांचा कोल्हापूरचा दिवस. पहिल्या मंगळवारी अध्यक्षबाई सकाळच्या एसटीनं आल्या आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिल्या. साहेब मागच्या दारानं गेले. दुसऱ्या मंगळवारी तेच. दुपारी त्यांनी फडक्यातली भाकरी काढली, मलाही अर्धी दिली, सुक्या मासळीची चटणी लावून. म्हणाल्या, “बाई, साहेबांस्नी एवढंच सांगा, एका पाण्यात दोघांची जाळी पडली की माणूस पडतोय. मी बघितलंय. माझ्या सासऱ्याच्या डोस्क्यात वल्हं बसलतं, म्हातारं अठरा दिवस वरडत होतं.”

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “व्हय व्हय.”

तिसऱ्या मंगळवारी अध्यक्षबाईंचा पाय सुजला होता. पाच वाजले तरी त्या बाकड्यावरच. साहेब येऊन गेले होते, कागद ड्रॉवरमध्ये तसाच होता. मला घरी जायचं होतं, नणंद आणि तिची माणसं जेवायला येणार होती. मी कपाटाला कुलूप लावत होते. त्यांनी विचारलं, “बाई, माझं काय झालं म्हणायचं?”

मी म्हटलं, “सही झाल्यातच जमा आहे. तुम्ही जावा निर्धास्त.”

“म्हंजे झाली?”

“झालीच समजा.”

पुष्कळांना मी नंतर सांगितलं की मला तिची दया आली. खरं सांगायचं तर दया थोडी होती, कंटाळा जास्त होता. मला त्या बाकड्यावरून ती उठायला हवी होती. ती उठली. माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली तिनं. पायरी उतरताना पायामुळं वाकडी होत होती.

शुक्रवारी सकाळी जलाशयावर जे झालं ते मी पाहिलं नाही. पण कोर्टात ते इतक्या वेळा, इतक्या तोंडांनी ऐकलं की आता ते मला दिसतंच. अध्यक्षबाईंनी गावात जाऊन सांगितलं होतं, स्थगिती मिळाली, पाणी आपलं. उजाडल्यावर संस्थेच्या माणसांनी जाळी सोडली. आमच्याकडं धरणात होडी क्वचित असते, लोक ट्रॅक्टरच्या चाकातल्या हवेच्या ट्यूबवर फळी बांधून त्यावर बसतात आणि छोट्या वल्ह्यानं पाणी मारत जातात. असे आठ-दहा जण पाण्यात होते. ठेकेदाराची माणसं मोटरबोट घेऊन आली. आधी शिव्या झाल्या. मग कोयत्यानं जाळी कापायला सुरुवात झाली. मग काठावरून दगड आले, आणि बोटीवरच्या रखवालदाराच्या डोळ्यात कोणी तरी वल्ह्याचं टोक घातलं. त्याचा डोळा जागेवरच गेला.

तो ओरडला तशी बोट चालवणाऱ्यानं बोट वळवली आणि ट्यूबांवर घातली. एकदा नव्हे. फिरून फिरून तीनदा घातली. ट्यूबा फुटल्या, माणसं पाण्यात पडली. अध्यक्षबाईंचा धाकटा भाऊ पायात अडकलेलं जाळं सोडवत होता. बोटीचा पंखा त्याच्या खांद्यापासून बरगडीपर्यंत गेला. त्याला काठावर ओढला तेव्हा जाळं त्याच्या अंगात रुतलेलं होतं. ते वेगळं करता येईना, म्हणून जाळ्यासकट टेम्पोत घातला.

काठावर राहिलेल्या संस्थेच्या लोकांनी ठेकेदाराच्या दोन माणसांना धरलं. वल्ह्यांनी त्यांचे गुडघे फोडले. एक जण पाया पडत होता, त्याच्या हातावरही मारलं. हेही सांगायला हवं.

भाऊ कोल्हापूरच्या वाटेवरच गेला. दुपारी दोनच्या सुमाराला सरकारी दवाखान्यातून सगळा जमाव आमच्या कार्यालयाकडं आला.

साहेब त्या दिवशी अचानक कोल्हापुरात होते. पोलीस जेमतेम दहा-बारा. मी खिडकीतून पाहिलं, पुढं अध्यक्षबाई, डोक्यावर पदर नाही, लुगडं छातीपर्यंत लाल. मागं दोन-तीनशे माणसं. काहींनी माशांचे क्रेट आणले होते, ते फाटकावर उलटे करत होते. तुडवून तुडवून रस्ता निसरडा झाला. एक पोलीस त्यावरून घसरून पडला आणि लोक त्याच्या अंगावरून पुढं आले.

इन्स्पेक्टर म्हणाले, “साहेब, मागच्या दाराशी गाडी लावलीय.”

साहेबांनी माळ शर्टाच्या आत घातली. “मागच्या दारानं लई येळा गेलो,” म्हणाले, आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. मला का कोण जाणे वाटलं की आपणही जायला पाहिजे. मी मागं जाऊन पायरीवर उभी राहिले.

साहेब दिसले तसा आवाज बंद झाला. अध्यक्षबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी साधं विचारलं, “साहेब, स्थगिती झालती का न्हवती?”

“न्हवती,” साहेब म्हणाले.

“सही?”

“केली न्हवती.”

त्यांची नजर साहेबांवरून सरकत माझ्यावर आली. हात वर करून त्यांनी माझ्याकडं बोट केलं. “ह्या बाईनं मला सांगितलं झाली म्हणून. मी ईश्वास ठेवला. मी पोरांस्नी पाण्यात घातलं. माझ्या भावाला मी पाण्यात घातलं, व्हय ना गं?”

सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. मला ‘होय’ म्हणायचं होतं. ओठ हलले असतील, आवाज आला नाही.

साहेब म्हणाले, “त्यांच्याकडं बघू नका. सही माझी, उशीर माझा. मला बोला.”

पहिला दगड तेव्हा आला. साहेबांच्या उजव्या भुवईवर बसला आणि कातडी लोंबायला लागली. दुसरा माझ्यामागच्या दाराच्या काचेवर. काच माझ्या डाव्या दंडात घुसली. मला दुखलं नाही, फक्त हात गरम झाल्यासारखा वाटला. मी खाली बसले. पोलिसांनी लाठ्या काढल्या. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाकडून ठेकेदार आपली माणसं घेऊन घुसला. त्यांच्याकडं लोखंडी पाइप होते.

मारामारी लांबून दिसते तेव्हा तिला काही तरी आकार असतो. जवळून नुसते आवाज असतात. पाइप पाठीवर बसल्याचा वेगळा, डोक्यावर बसल्याचा वेगळा. एक माणूस माझ्यासमोर गुडघ्यावर आला आणि अगदी शांतपणे आपले दात ओंजळीत गोळा करू लागला. ठेकेदारानं अध्यक्षबाईंना केसांना धरून फाटकाच्या खांबावर आपटलं. एकदा, दोनदा. त्या त्याच्या मनगटाला चावल्या होत्या आणि सोडत नव्हत्या.

साहेब तिथं कसे पोचले ते मला कळलं नाही. त्यांनी ठेकेदाराची कॉलर मागून धरली, ओढत जीपपर्यंत नेला आणि त्याचं तोंड बॉनेटवर हाणायला लागले. ठेकेदार “दादा, दादा, मी हाय” म्हणत होता. त्याचं नाक फुटलं, मग ओठ, तरी साहेब थांबेनात. जमावातल्या काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना तो न्याय वाटला. मला जवळून साहेबांचा चेहरा दिसत होता. इतका भ्यालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. चार पोलिसांनी मिळून त्यांना मागं ओढलं, तेव्हा त्यांच्या हातात ठेकेदाराच्या शर्टाचा तुकडा राहिला होता.

माझ्या दंडाला नऊ टाके पडले. अध्यक्षबाई माझ्याच वॉर्डात, चार खाटा सोडून होत्या. मी त्यांच्याकडं तोंड करून झोपू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला दवाखान्यातूनच कार्यालयात बोलावलं. साहेबांच्या भुवईवर पट्टी, डोळा सुजून बंद. मुंबईहून त्यांचे खाजगी सचिव आले होते, इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. त्यांनी मला बसायला सांगितलं.

“म्याडम, तो स्थगितीचा आदेश आहे ना तुमच्याकडं? त्यावर मागच्या मंगळवारची तारीख टाका. साहेब सही करतील. जावक रजिस्टरमध्ये जागा सोडलेली असतेच एखादी.”

त्यांनी समजावून सांगितलं, आणि सांगितलेलं सगळं खरं होतं. संस्थेची अकरा माणसं कोठडीत होती, परक्या पाण्यात घुसून चोरी आणि मारहाण केल्याच्या गुन्ह्यात. तारीख मागची पडली तर पाणी त्यांचंच ठरणार होतं. साहेबांनी वेळेत न्याय दिला असं होणार होतं. मी बाईला सांगितलेलं खरं ठरणार होतं. आदेश मोडला म्हणून सगळा दोष ठेकेदाराच्या गळ्यात जाणार होता, आणि त्याच्याबद्दल आता कोणाला कणव नव्हती.

“कोणाचंही नुकसान नाही,” सचिव म्हणाले.

मी कॉम्प्युटरपुढं बसले. डावा हात उचलत नव्हता, एका हातानं टाइप करत होते. मागच्या मंगळवारची तारीख मी टाइप केलीसुद्धा. ती दिसायला अगदी बरोबर दिसत होती. त्या तारखेच्या जोरावर मी अध्यक्षबाईंसमोर ताठ जाऊ शकले असते. मग माझ्या मनात आलं, तिचा भाऊ मेला तेव्हा सही झालेली होती की नव्हती, हे तिला खरं कळायला नको? तिनं विचारलेला तो एकच प्रश्न होता आणि साहेबांनी सगळ्यांसमोर खरं उत्तर दिलं होतं. आता तेही खोटं ठरवायचं?

मी तारीख खोडली आणि त्या दिवसाची, शनिवारची टाकली. प्रिंट काढून साहेबांसमोर ठेवला.

सचिवांनी वाचलं आणि त्यांचा आवाज बदलला. “तुम्हाला समजतंय का तुम्ही काय करताय? तुम्ही आधी तोंडी खोटं सांगितलंत, आता...”

साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. एका डोळ्यानं तो कागद ते बराच वेळ वाचत होते. दोनच परिच्छेद होते. मग म्हणाले, “बाई, ही तारीख ऱ्हायली तर तुम्ही खोट्या पडताय.”

“पडलेच आहे साहेब.”

“आणि मी?”

मी पेन त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी सही केली. पेन इतकं दाबलं की दोन ठिकाणी कागद फाटला.

तिथून मी पोलीस ठाण्यात गेले आणि जबाब दिला. मंगळवारी पाच वाजता मी अध्यक्षबाईंना सही झाली असं समजा म्हणून सांगितलं, त्यामुळं ती माणसं पाणी आपलं समजून उतरली. माझ्या जबाबावर चोरीचं कलम टिकलं नाही. अकराही जणांना जामीन मिळाला. गुडघे फोडल्याचा गुन्हा मात्र राहिला, आणि तो राहायलाच हवा होता. मला सोमवारी निलंबनाचा कागद आला.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला ठेकेदाराची माणसं आमच्या गल्लीत आली. तीन मोटरसायकली. आमच्या दारावर दगड, मग सोड्याच्या बाटल्या. माझे मिस्टर हायस्कुलात गणित शिकवतात, आयुष्यात कोणाला चापट मारली नाही. ते दार लावायला गेले आणि बाटली त्यांच्या गुडघ्यावर फुटली. मी आतून ओरडत होते. समोरच्या माडीवर राहणाऱ्या काकूंनी चहाचं उकळतं पाणी पातेल्यासकट खाली ओतलं. एकाची मान आणि पाठ भाजली. “रांडंच्यांनो, बाईच्या दारात येताय व्हय!” काकूंचा आवाज सगळ्या पेठेला ऐकू गेला. मग गल्लीतली माणसं हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडली. जो भाजला होता त्याला त्याच्या साथीदारांनी टाकून पळ काढला आणि गल्लीनं त्याला बेदम मारला. त्याचं वय माझ्या पुतण्याएवढं होतं. मी “पुरे, पुरे” म्हणत मध्ये गेले तेव्हा कोणी तरी माझ्या टाक्यांवरच हात मारला. टाके उसवले. त्या दिवशी त्या पोराला आणि मला एकाच रिक्षातून दवाखान्यात नेलं. तो रडत होता. वाटेत त्यानं मला मावशी म्हणून पाणी मागितलं.

साहेबांनी सुनावणी घेतली. ठेका संस्थेला परत गेला. ठेकेदार आणि बोट चालवणारा तुरुंगात गेले. पुढच्या फेरबदलात साहेबांचं खातं गेलं. त्यांच्या जागी किनाऱ्याकडचे कोणी तरी आले, त्या दिवशी आमच्याकडं कोणी काचा फोडल्या नाहीत. एकदा एका लग्नात साहेब भेटले. भुवई मध्येच तुटलेली, त्यामुळं चेहरा सतत काही तरी विचारतोय असा. म्हणाले, “बाई, मला खुर्चीत बसल्यावर वाटायचं, सही म्हंजे आपण करतो ते काम. न केलेली सही बी काम करत असती, हे कुणी सांगितलं न्हाय.”

मी म्हटलं, “अध्यक्षबाईंनी सांगितलं होतं. मी तुम्हाला पोचवलं होतं.”

“व्हय,” ते म्हणाले, आणि ताटाकडं बघत राहिले.

माझी नोकरी आठ महिन्यांनी परत सुरू झाली, एक वेतनवाढ रोखून. खटला उभा राहिला तेव्हा मला साक्षीला बोलावलं. ठेकेदाराच्या वकिलानं मला दोन तास उभं केलं. मी खोटारडी आहे हेच त्याला सिद्ध करायचं होतं आणि मी ते पहिल्याच प्रश्नाला मान्य केल्यामुळं तो चिडला. मी मंगळवारचं सगळं सांगितलं. नणंद जेवायला येणार होती तेही सांगितलं.

बाहेर आले तेव्हा अध्यक्षबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवसानंतर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मला बघून त्या उठल्या, हळूहळू, भिंतीला धरून. जवळ आल्या आणि त्यांनी माझ्या कानाखाली मारली. जाळी ओढलेला हात तो. माझा चष्मा उडून दोन बाकांपलीकडं गेला, तोंडात रक्ताची चव आली. दारावरचा हवालदार धावत आला.

“राहू दे,” मी म्हटलं. “राहू दे हो.”

तो त्यांचा दंड धरून उभाच राहिला. त्यांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. “तू बोललीस आत ते मी ऐकलं,” त्या मला म्हणाल्या. “खरं बोललीस. पर हे ऱ्हायलं होतं.”

“होय,” मी म्हटलं. या वेळेला आवाज आला.

हवालदारानं दंड सोडला. अध्यक्षबाईंनी वाकून माझा चष्मा उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. एक काच तडकली होती.

“नोकरी लागली का परत?”

“लागली.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “औंदा बियाणं सोडायचंय आम्हाला, कागद तुमच्याच हापिसात हाय. येळंवर काढा.”

मग त्यांनी पिशवी उचलली आणि एसटी गाठायला जिना उतरू लागल्या.